तारणाचा हर्ष परत मिळतो का?

मांगोरहिल (१८ मे, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. प्रश्न ख्रिस्ती विश्वासाबद्दल आहे, पण उत्तर कुणीही दिलं तरी चालेल.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. लग्नानंतर वास्कोला आले, त्याला बावीस वर्षं झाली. आमची मराठी उपासना रविवारी दुपारी चारला एका घराच्या हॉलमध्ये भरते. तीस-पस्तीस माणसं, एक पेटी, एक ढोलकी. मागच्या पडवीत मी अठरा वर्षं संडे स्कूल घेते. सध्या अकरा मुलं आहेत.

मुलांना तारण, म्हणजे येशूने पापातून केलेली सुटका, शिकवायला आमच्याकडे ‘बिनशब्दांचं पुस्तक’ असतं. त्यात एकही अक्षर नाही, नुसती रंगीत पानं. सोनेरी म्हणजे देवाचं घर, काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन, आणि बाहेरचं हिरवं म्हणजे विश्वासात वाढणं. १८६६ साली लंडनमध्ये स्पर्जन या उपदेशकांनी काळं, लाल, पांढरं एवढ्या तीनच पानांवर उपदेश केला होता. सोनेरी आणि हिरवं मागाहून आलं. माझं पुस्तक माझ्या वडिलांनी करून दिलेलं आहे. सोनेरी पानाला त्यांनी नाताळच्या चांदणीतून उरलेला बेगड लावला होता.

यंदा ईस्टरला मी तेच पुस्तक घेऊन बसले होते. येशू तिसऱ्या दिवशी उठला, सांगून झालं. नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, “टीचर, येशू जिवंत झाला ना? मग तुम्ही अशा का दिसता?” मी विचारलं, कशी? ती म्हणाली, “मम्मी हिशोब करताना दिसते तशा.”

ती रागाने बोलली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. त्या रात्री मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. काळं पान बोटं लागून लागून मऊ, तेलकट झालंय, कडा दुमडल्यात. सोनेरी पान कोरं करकरीत आहे. अठरा वर्षांत मी त्याच्यावर कधी थांबलेच नाही. “हे देवाचं घर, तिथे पाप चालत नाही,” एवढं म्हणायचं आणि पान उलटायचं.

पूर्वी असं नव्हतं. सोळा वर्षांची असताना शिबिरात मी प्रभूला आयुष्य दिलं. टेम्पोच्या मागे बसून गाणी म्हणत घरी आलो. घरात शिरले ती सरळ मोरीत जाऊन, कुणी न सांगता, घरातली सगळी भांडी घासून काढली. मोठ्याने गात. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून. तो आनंद कुठून येत होता ते तेव्हा विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आता विश्वास आहे, वाचन चुकत नाही, प्रार्थना चुकत नाही. माझं तारण झालंय हे मला ठाऊक आहे, पण रेशनकार्ड कपाटात आहे हे जसं ठाऊक असतं तसं. बायबलात प्रेषित पौल तुरुंगात बसून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ‘आनंद करा, पुन्हा म्हणतो, आनंद करा’ असं लिहितो, आणि मला माझ्या घरात, पोटभर जेवून, ते वाक्य नुसतं वाचता येतं.

ज्यांचं असं झालं आणि परत फिरलं, त्यांनी कृपया सांगा. काय केलंत?

---

दिवा_वाटेवरचा (१९ मे, सकाळी ६.५०)

ताई, रागावू नका, स्पष्ट लिहितो. बायबलातलं ५१वं स्तोत्र, तारणाचा हर्ष पुन्हा मागणारं, दावीद राजाने कधी केलं? दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबेशी, व्यभिचार केल्यानंतर नाथान संदेष्टा दारात आला तेव्हा. हर्ष गेला तो पापामुळे गेला. कुणाबद्दल अढी आहे का, काही लपलेलं आहे का, ते तपासा. कबुली द्या. परत मिळेल.

---

मांगोरहिल (२३ मे, रात्री ९.३०)

भाऊ, राग नाही. तुमचं लिहिणं मनावर घेतलं आणि चार दिवस तेच केलं. अढी होती. गावाकडच्या जमिनीवरून धाकट्या जावेशी सहा वर्षं धड बोलत नव्हते. परवा फोन केला, माझी चूक होती ती कबूल केली. ती रडली, मीही. अढी गेली, त्याबद्दल तुमचे आभार मानते.

पण हर्ष आला नाही. हलकं वाटलं, एवढंच. म्हणजे उंबरठ्यावरचा दगड निघाला, पण दार बंदच आहे.

---

फोंड्याचा पाहुणा (२४ मे, दुपारी २.१५)

मांगोरहिल ताई, मीही घाटावरचाच. वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते, त्यामुळे तुमचं ते काळं पान मला चांगलं ओळखीचं आहे.

एक लहानशी गोष्ट दाखवतो. त्याच ५१व्या स्तोत्राची बारावी ओवी आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, उघडा. ‘तू केलेल्या उद्धाराचा हर्ष मला पुन्हा होऊ दे.’ मी कितीतरी वर्षं ते ‘माझ्या तारणाचा हर्ष’ असंच वाचत होतो. छापलेलं आहे ‘तू केलेल्या’. दावीद आपल्या जुन्या भावना परत मागत नाही. देवाने जे केलं त्याकडे बघून जो आनंद व्हायचा तो मागतो. माणूस रोज आपलंच मन चाचपून बघायला लागला, आहे का आनंद, आज आहे का, की नजर देवाने केलेल्या कामावरून निघून स्वतःवर येते, आणि तिथे बघण्यासारखं फारसं नसतं. मी यात तीन वर्षं घालवली आहेत, म्हणून सांगतो.

मग लूकचा १५वा अध्याय वाचा, पण या वेळी प्रत्येक ठिकाणी विचारा, आनंद कोणाला झाला? मेंढरू सापडलं. आनंद मेंढपाळाला. तो त्याला आनंदाने खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावतो, ‘माझ्याबरोबर आनंद करा.’ मेंढराला काय वाटलं, एक शब्द नाही. नाणं सापडलं. आनंद दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईला. नाण्याला तर काही वाटणंच शक्य नाही! ते कुठेतरी फटीत, धुळीत पडून होतं. तरी त्या घरात आनंद झाला, आणि येशू म्हणतो, स्वर्गातही असाच होतो.

मला हे वाचताना पहिल्यांदा रडू आलं ते बाजारात, भाजीची पिशवी हातात असताना. एकदम लक्षात आलं की माझ्या तारणाचा आनंद माझ्या आधी कोणीतरी करतंय, आणि मी सुकलेलो असलो तरी तो चालू आहे. मला तो तयार करायचा नाही. फक्त आत जायचं आहे.

---

मांगोरहिल (२४ मे, रात्री ११.४०)

तुम्ही दोनच दाखले सांगितलेत. तिसरा, सगळं उधळून धाकटा मुलगा परत येतो आणि बाप मेजवानी घालतो तो, मी आत्ता वाचला. उधळ्या पुत्राचा दाखला मी संडे स्कूलमध्ये निदान पंधरा वेळा तरी शिकवलाय, मुलांकडून डुकरांचे आवाज काढून घेतलेत. आणि दर वेळी धाकटा मुलगा घरी आला की माझी घंटा होते. थोरल्या भावापर्यंत मी पोचतच नाही.

तो शेतातून येतो. घराजवळ आल्यावर त्याला गाण्या-नाचण्याचा आवाज ऐकू येतो. तो आत जात नाही. बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय.

अठरा वर्षं मीही अशीच चाकरी करतेय. ही मीच आहे. पापी म्हणून नव्हे, कामकरी म्हणून दाराबाहेर उभी आहे. आणि मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं की बाप त्याच्यासाठीसुद्धा बाहेर येतो, समजूत घालतो, ‘बाळा, तू तर नेहमी माझ्याजवळ आहेस.’ पुढे तो आत गेला की नाही, लिहिलेलं नाही. येशूने गोष्ट तिथेच सोडली आहे.

आज झोप येणार नाही असं वाटतंय.

---

डिचोलीचे मास्तर (२६ मे, सकाळी ८.०५)

ताई, मी हिंदू आहे. निवृत्त मराठी शिक्षक. आपण ‘कुणीही’ म्हणालात म्हणून धीर केला.

माझा या विषयाशी संबंध ‘क्रिस्तपुराणा’मुळे आला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि आयुष्याची चाळीस वर्षं इथेच राहिले. त्यांनी येशूची कथा मराठीत, ओवीत लिहिली. ती १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूर इथे छापून निघाली, तीही रोमन लिपीत. जवळपास अकरा हजार ओव्या. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी गाणारी ओवी शाळेत सगळ्यांना पाठ असते, पण ती कोणत्या ग्रंथातली हे वर्गात विचारलं की हात वर होत नसत.

मन मोकळं करायचं तर हेही सांगतो. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज राजवटीत, आमच्या पूर्वजांवर देव उचलून नेण्याची पाळी आली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आपण वास्कोहून पणजीला जाता तेव्हा कुठ्ठाळीवरूनच जाता. त्यामुळे तो ग्रंथ मी पहिल्यांदा हातात घेतला तो बंद मनाने. सक्तीने दिलेलं तारण कुणाला आनंद देईल, असा माझा प्रश्न होता, आणि तो आजही आहे.

पण वाचत गेलो आणि एक गोष्ट मनात राहिली. या माणसाने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं गेली होती, त्यांना आपल्या भाषेत ऐकायला काही हवं होतं. त्यांच्यापुढे त्याने नुसती प्रश्नोत्तरांची वही ठेवली नाही. त्यांना गाता येईल असं पुराण दिलं. ते देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, म्हटलं जाई. ओवी हा आमच्या आयांचा जात्यावरचा छंद. दळताना जे म्हटलं जातं ते समजावून सांगायचं नसतं, ते अंगात भिनतं.

आपण सोळाव्या वर्षी भांडी घासताना गात होतात, हे वाचून मला माझी आई आठवली. ती दळताना गायची. नंतर गिरणी आली, जातं अंगणात गेलं आणि तिच्या ओव्या बंद झाल्या. विसरली नव्हती, पण हाताला काम नव्हतं म्हणून तोंडातून येईनात. मी एकदा म्हण म्हणून आग्रह केला, तर म्हणाली, “जातं दे, मग म्हणते.”

आपण आता तारण ‘शिकवता’. शेवटचं कधी, कुणाला शिकवण्यासाठी नव्हे, असं गायलात?

---

लोटलीची सून (२८ मे, रात्री १०.२०)

मी वसईची, कॅथलिक. लग्न होऊन लोटलीत आले. पहिली दोन वर्षं कोंकणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्धी कळायची, अर्धी सुटायची. त्यामुळे शब्दांपेक्षा बाकीच्या गोष्टींकडे जास्त लक्ष जायचं. त्यातलं थोडं सांगते, तुमच्या मंडळीत हे नसेल.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्याकडे ‘आलेलूया’ म्हणत नाहीत. एकदाही नाही. तो शब्द जणू पुरून ठेवलेला असतो. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद करतात. बाहेर विस्तव पेटवतात, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, तिच्यावरून आपल्या हातातल्या मेणबत्त्या. मग त्या मेणबत्तीपाशी एक फार जुनं स्तुतिगीत गातात. त्यात आदामाच्या पापाला ‘धन्य’ म्हटलंय, कारण त्या पापामुळे असा तारणारा मिळाला! मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा माझी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. ताई, म्हणजे तुमचं काळं पानसुद्धा त्या रात्री उजेडात धरलं जातं. आणि मग आलेलूया परत येतो. आमच्या शेजारची आजी तो इतक्या मोठ्याने गाते की लहान मुलं दचकतात.

मला वाटतं आनंदालासुद्धा अशी मुदत लागते. आमच्यात तर त्या मोठ्या उपवासातसुद्धा चौथ्या रविवारी फादर गुलाबी झगा घालू शकतात, मध्येच श्वास घ्यायला म्हणून. तुम्ही सुकलात म्हणून घाबरू नका. पुरलेला शब्द हरवलेला नसतो.

आणि २४ जूनला आमच्याकडे या. खरंच या. सांजांव आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं फेस्त, नाताळच्या सहा महिने आधी. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून लोक ‘व्हिवा सांजांव’ ओरडत विहिरीत उड्या मारतात. बाहेरचे लोक म्हणतात पिऊन दंगा करतात, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण जुनी माणसं कारण सांगतात ते लूकच्या पहिल्या अध्यायातलं. मरिया अलिशिबेच्या घरी गेली, तिचा आवाज कानावर पडला आणि अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. विहीर म्हणजे अलिशिबेचं पोट.

बघा ना, त्या बाळाला काय कळत होतं? डोळे उघडले नव्हते. येशू तर अजून जन्मलाही नव्हता. नुसता जवळ आला होता.

आमच्या परसातली विहीर लहान आहे, कठडा बसका आहे. गुडघ्यांची काळजी करू नका, उडी मारायलाच हवी असं नाही.

---

मांगोरहिल (२९ मे, सकाळी ७.००)

सगळ्यांना एकदम लिहिते, कारण प्रत्येकाला वेगळं लिहायला बसले तर रडेन.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस आठवावं लागलं. वडील गेले त्या वर्षी. त्यांच्या उशाशी, रात्री, हळू आवाजात. म्हणजे सात वर्षांपूर्वी. पेटी तेच वाजवायचे. आणि मंदिरांचं तुम्ही जे लिहिलंत ते मी खाली मान घालून वाचलं. कुठ्ठाळीवरून शंभर वेळा गेले असेन, मला हे ठाऊक नव्हतं.

लोटलीच्या ताई, येते.

---

मांगोरहिल (२९ जून, रात्री १०.००)

उशीर झाला. पावसाने चार दिवस नेट नव्हतं.

२४ला सकाळी यजमानांना घेऊन लोटलीला गेले. पाऊस असा की बसमधून बाहेरचं काही दिसत नव्हतं. ताईंच्या सासूबाईंनी माझ्यासाठी कोपेल करून ठेवलं होतं. मी आमच्या रीतीत वाढलेली, डोक्यावर फुलं घालून चारचौघांत जायचं म्हणजे अवघडच. पण त्या माउलीने स्वतःच्या हाताने बसवलं, मग काढता येईना.

विहिरीवर वीसेक माणसं. सहा-सात वर्षांचा एक मुलगा कठड्यावर उभा. खाली त्याचा बाप पाण्यात, हात वर करून. मुलगा थरथरत होता. बाप खालून म्हणत होता, “यो, यो रे पुता.” मुलगा ओरडला, “तूं हांसता कित्याक?” (तू हसतोस का?) बाप म्हणाला, “तूं येतलो म्हूण.” (तू येणार म्हणून.)

मी कठड्याला धरून उभी राहिले. पाहुणेभाऊ, तुमचं मेंढरू आणि नाणं मला तिथे कळलं. बाप आधीच हसत होता. मुलगा अजून भीतीने पांढरा पडला होता, आणि बाप आधीच हसत होता.

मुलाने उडी मारली. मी मारली नाही. यशयाच्या १२व्या अध्यायात आहे, तुम्ही आनंदाने तारणाच्या विहिरींतून पाणी काढाल. ते वाक्य आमच्या हॉलच्या भिंतीवर लिहिलेलंय, अठरा वर्षं त्याच्याकडे पाठ करून शिकवतेय. म्हणून मी म्हटलं, मी काढते पाणी. दोर धरला, कळशी सोडली. पावसाळ्यात पाणी वर आलेलं असतं, फार ओढावं लागलं नाही, तरी भरलेली कळशी वर येताना हाताला कळते. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि काही न विचारता माझ्या डोक्यावर ओतली. कोपेलातली फुलं नाकावर आली. मी किंचाळले. मग हसले, आणि ते हसणं थांबेना. यजमान म्हणतात त्यांनी मला असं हसताना मुलीच्या बारशाला पाहिलं होतं.

सांगायला हवं की तो सोळाव्या वर्षाचा आनंद नव्हता. संध्याकाळी घरी आले तेव्हा गुडघा दुखत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नेहमीसारखंच वाटत होतं. पण भांडी घासताना तोंडात गाणं होतं. वडिलांचं आवडतं. कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मधेच लक्षात आलं.

काल रविवारी पडवीत पुस्तक उघडलं आणि सोनेरी पानावर थांबले. मुलांना विचारलं, देवाच्या घरी कोण कोण असेल, काय शिजत असेल, गाणी कोणती असतील. एकाने सोलकढी म्हटलं, एकाने सांगितलं की त्याची गेलेली आजी दारातच उभी असेल, कारण ती नेहमी दारातच उभी राहायची. मग मी थोरल्या भावाची गोष्ट सांगितली, बाहेर उभा राहिलेल्याची, आणि बाप त्याला न्यायला बाहेर आला त्याची. घंटा झाली. काळ्या पानापर्यंत पोचलोच नाही. पुढच्या रविवारी पोचू, तेही खरंच आहे, त्याला गाळून चालणार नाही.

ती नऊ वर्षांची मुलगी जाताना म्हणाली, “टीचर, आज मजा आली.” माझ्या चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही.

एक मदत हवी आहे. अकराच्या अकरा मुलांनी सोनेरी पानावरून हात फिरवून पाहिला आणि बेगड एका कोपऱ्यातून निघाला. वडिलांनी लावलेला होता म्हणून वाईट वाटलं, पण तसा थोडाच. वास्कोत दोन दुकानं पाहिली, चमकीचा प्लास्टिक कागद मिळतो, बेगड नाही. कुठे मिळेल?

---

डिचोलीचे मास्तर (३० जून, सकाळी ७.४५)

चवथीच्या मखराला आम्ही तोच लावतो. डिचोलीच्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे अजून खरा बेगड असतो, पण चवथ जवळ आली की संपतो. म्हणून आजच जातो. पानाची लांबी-रुंदी कळवा. दोन-तीन पानं जास्तच घेतो, अकरा मुलं आहेत म्हणता.